शाळा सुटल्यानंतरचे दोन तास

बालकाच्या आरोग्याची नोंद ठेवताना आपण वैद्यक व्यावसायिक त्याचे वजन, उंची, लसीकरण, आहार, झोप आणि शौचाच्या सवयी यांविषयी नेमाने विचारणा करतो. शाळकरी वयात त्यात दृष्टी, दात आणि अभ्यासातील प्रगती यांची भर पडते. मात्र ‘हे मूल दिवसातून किती वेळ आणि कोणाबरोबर खेळते?’ हा प्रश्न आपल्या केसपेपरवर अभावानेच आढळतो. निपाणी परिसरात बालरुग्ण तपासताना गेली काही वर्षे मी हा प्रश्न नियमाने विचारू लागलो. त्यातून जे समोर आले, आणि त्या अनुषंगाने जे वाचनात आले, ते आपणा सर्वांसमोर मांडावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रश्न साधा असला तरी त्याचे सरळ उत्तर सहसा मिळत नाही. ‘खेळतो की, क्रिकेटच्या कोचिंगला जातो,’ असे एक पालक सांगतात. ‘खेळते की, मोबाईलवर,’ असे दुसरे सांगतात आणि स्वतःच हसतात. मग मी शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा हिशेब मागतो. साडेचार वाजता शाळा सुटते. पाच ते सहा ट्यूशन, सहा ते सात अबॅकस किंवा इंग्रजी संभाषणाचा वर्ग, आठवड्यातून दोन दिवस कराटे, आणि घरी परतल्यावर गृहपाठ. हे वेळापत्रक बेळगावच्या टिळकवाडीतील असेल किंवा निपाणीतील एखाद्या वसाहतीतील असेल, त्यात फारसा फरक आढळत नाही. वारंवार पोटात दुखणे, डोके दुखणे, सकाळी शाळेला जाताना मळमळणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या आणि सर्व तपासण्या सामान्य निघणाऱ्या मुलांकडून हाच हिशेब मला इतक्यांदा ऐकावा लागला आहे, की आता सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिण्याआधी मी तो विचारून घेतो. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होतो असा माझा दावा नाही. परंतु रोगेतिहासात हा प्रश्न असलाच पाहिजे, इतपत निष्कर्षाला हा अनुभव पुरेसा आहे.

निपाणीच्या दुसऱ्या भागात हाच हिशेब वेगळ्या तऱ्हेने भरलेला दिसतो. हे गाव तंबाखूचे. येथील अनेक घरांत विडी वळण्याचे काम चालते आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. दहा वर्षांची एक मुलगी डोकेदुखीसाठी आली असता शाळा सुटल्यावर काय खेळतेस, असे मी विचारले. ‘खेळत न्हाई, पानं कातरतो,’ हे तिचे उत्तर. (आपल्या भागात मुलीही ‘जातो’, ‘करतो’ असेच बोलतात, हे बाहेरून येथे आलेल्या सहकाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.) आईचे म्हणणे असे, की मुलीच्या हाताला वळण लागले म्हणजे पुढे उपयोगी पडते. आईला दोष देण्यात अर्थ नाही. संध्याकाळपर्यंत हजाराचा आकडा गाठायचा असतो. तंबाखूची धूळ आणि ओलसर तंबाखू हाताळताना त्वचेवाटे शोषले जाणारे निकोटीन हा स्वतंत्र विषय आहे, तो येथे विस्ताराने घेत नाही. माझ्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी, की एका घरातील अबॅकस आणि दुसऱ्या घरातील कातरी या दोहोंनी मुलाच्या दिवसाचा तोच तुकडा व्यापला आहे.

कायद्याची भाषाही येथे पाहण्यासारखी आहे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कारखान्यातील महिला कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली, परंतु ती सहा वर्षांखालील मुलांपुरती. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी वळणे हे बालकांसाठी निषिद्ध प्रक्रियांच्या यादीत घातले, परंतु कुटुंबाच्या मदतीने चालणारे घरचे काम त्यातून वगळले. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत काम करण्यास बंदी घातली. धोकादायक नसलेल्या घरच्या उद्योगात मदत करण्याची मुभा मात्र ठेवली, आणि ती कधी, तर ‘शाळा सुटल्यानंतर किंवा सुटीत’. शाळेची वेळ शाळेची, आणि उरलेली वेळ कुटुंबाच्या उपयोगाची, अशी ही विभागणी आहे. त्या वेळेवर मुलाचा स्वतःचाही काही हक्क असू शकतो, याचा तेथे उल्लेख नाही. वास्तविक १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील एकतिसाव्या कलमात विश्रांती, फावला वेळ आणि खेळ यांचा हक्क स्पष्ट शब्दांत नोंदलेला आहे, आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे.

मुक्त खेळ म्हणजे काय?

येथे संज्ञेची थोडी काटेकोर मांडणी आवश्यक वाटते. मुक्त खेळ म्हणजे मुलाने स्वतः निवडलेला, स्वतःच्या नियमांनी चालवलेला, वाटेल तेव्हा सोडता येणारा आणि ज्याचे बक्षीस त्या खेळातच आहे असा खेळ. या व्याख्येने क्रिकेटचे कोचिंग, स्केटिंगचा वर्ग किंवा स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम यांपैकी काहीही मुक्त खेळ ठरत नाही. त्या गोष्टी वाईट आहेत असे नव्हे. त्यांपासून शरीराला व्यायाम निश्चितच मिळतो. परंतु तेथे शिट्टी मोठ्या माणसाच्या हातात असते.

आपल्या पिढीला ही व्याख्या शिकवावी लागली नाही. संध्याकाळी दप्तर फेकून बाहेर पडलेल्या पंधरावीस मुलांत सहा वर्षांचे असे आणि तेरा वर्षांचेही असे. राज्य कोणावर, हे सुटण्यावरून ठरे. भिडू वाटून घेताना बलाबल पाहिले जाई, कारण एकतर्फी डावात कोणालाच गोडी नसते. रडीचा डाव खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी बोलावत नसे, तिसऱ्या दिवशी मात्र बोलावत. आणि सर्वांत धाकट्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेतले जाई. बाद झाला तरी बाद नाही, राज्य आले तरी त्याच्यावर राज्य नाही, पण तो खेळात आहे. मिश्र वयाच्या गटात लहान मुलाला सामावून घेण्याची इतकी सुबक व्यवस्था कोणत्याही बालमानसशास्त्रज्ञाने रचलेली नाही. ती मुलांनीच केली, आणि तिला आपल्या भाषेत नावही आहे. एकाच इयत्तेची तीस मुले एका खोलीत बसवणाऱ्या वर्गात लिंबूटिंबू असूच शकत नाही.

मेंदूविज्ञानात ज्याला कार्यकारी नियंत्रण म्हणतात, त्यात ऊर्मी आवरणे, बदललेल्या नियमाशी जुळवून घेणे आणि माहिती मनात धरून ठेवणे या क्षमता येतात. पूर्वललाट भागाशी निगडित असलेल्या या क्षमता बालपणी आणि पौगंडावस्थेत सावकाश विकसित होतात. आता आपले जुने खेळ या दृष्टीने पाहावेत. विषामृतात ‘विष’ मिळाले की धावत्या शरीराला जागीच गोठवावे लागते आणि गडी ‘अमृत’ देईपर्यंत थांबावे लागते. ‘डोंगर का पाणी’ मध्ये जे क्षणापूर्वी सुरक्षित होते तेच आता निषिद्ध ठरते. आट्यापाट्यांत पुढच्या पाटीवरचा आणि मागचा, असे दोन्ही गडी एकाच वेळी ध्यानात ठेवावे लागतात. सागरगोट्यांत डोळा, हात आणि गणती यांचा मेळ बसवावा लागतो. भातुकलीत एक मूल आई होते आणि आईसारखेच वागावे लागते म्हणून मनात आलेले दहा प्रकार करत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या व्याख्यानात नेमके हेच मांडले होते, की कल्पनेच्या खेळात मूल स्वखुशीने नियमाच्या आधीन होते. अतिचंचलतेच्या तक्रारीवर वर्तनोपचार शोधणाऱ्या आपणांस हे उपचार अंगणात विनामूल्य उपलब्ध होते, असे म्हटल्यास थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

प्रायोगिक पुरावा काय सांगतो? कॅनडातील सर्जिओ पेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिलांवर केलेल्या अभ्यासांत असे आढळले, की समवयस्कांशी झोंबाझोंबीचा खेळ न मिळालेल्या पिलांच्या मेंदूच्या पूर्वललाट भागातील जोडण्यांची रचना वेगळी घडते. पिलाला केवळ प्रौढ उंदराची सोबत देऊन ही उणीव भरून निघाली नाही, ही त्यातील मला सर्वांत बोलकी वाटणारी बाब. उंदराचे निष्कर्ष मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे आपणांस सांगावयास नको. तथापि अमेरिकन बालरोग अकादमीने २००७ साली खेळाच्या महत्त्वावर स्वतंत्र निवेदन प्रसिद्ध केले आणि २०१८ साली त्याहून पुढे जाऊन बालरोगतज्ज्ञांनी पहिल्या दोन वर्षांतील प्रत्येक आरोग्यतपासणीत खेळाचे ‘प्रिस्क्रिप्शन’ लिहावे, अशी शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच ते सतरा वयोगटाला रोज सरासरी साठ मिनिटांची मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल हवी. आपल्याकडील मुले बारीक दिसली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने आपण जाणतोच. तेव्हा ही साठ मिनिटे केवळ लठ्ठ दिसणाऱ्या मुलांसाठी आहेत असा समज पालकांत राहू देऊ नये.

दृष्टीच्या बाबतीत तर पुरावा अधिक थेट आहे. चीनमधील ग्वांगझू येथे बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर झालेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. सहा शाळांत रोज चाळीस मिनिटांचा उघड्यावरील तास वाढवण्यात आला, उरलेल्या सहा शाळांत नेहमीचाच क्रम ठेवला. तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी आलेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या गटात ३०.४ टक्के, तर दुसऱ्यात ३९.५ टक्के आढळले. चाळीस मिनिटे उजेडात राहण्याने एवढा फरक पडतो. आमच्या नेत्रतज्ज्ञ मित्रांकडे दरवर्षी मे महिन्यात चष्म्याच्या नंबरासाठी जी रांग लागते, तिच्यापैकी किती मुले संध्याकाळी पाच वाजता उघड्यावर असतात, हे त्यांनीच विचारून पाहावे.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मुक्त खेळाने परीक्षेतील गुण वाढतात, असे आश्वासन पालकांना देणे मला इष्ट वाटत नाही. त्यासाठी पुरेसा भक्कम पुरावा नाही, आणि असता तरी तो पुढे करणे धोक्याचे ठरले असते. गुणांसाठी खेळ म्हटले, की दुसऱ्या दिवशी ‘खेळातून गणित’ असा फलक लागतो, फी ठरते आणि शिट्टी परत मोठ्या माणसाच्या हातात जाते.

मराठी मुलखातील काही प्रयत्न

शाळेबाहेरच्या वेळेत मुलांना खेळू देण्यासाठी संस्था उभारावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यातून अंगणवाडी ही कल्पना आकाराला आली. तिचे वैशिष्ट्य असे, की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे चरत असतील तेथेच शिक्षण. आपल्या विडीवाल्या वस्त्यांचा विचार करताना मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते. मुलीला कामावरून उठवून दूरच्या केंद्रात नेणे आईला मान्य होणार नाही. केंद्रच गल्लीत आले तर अर्धा तास तरी पदरात पडेल.

शहरी मुलांसाठीचे जवळचे उदाहरण पुण्याच्या गरवारे बालभवनाचे. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष म्हणून साजरे झाले आणि त्यानंतरच्या वातावरणात, १९८५ साली, सारसबागेजवळ हे बालभवन सुरू झाले. शोभा भागवत यांनी दीर्घकाळ त्याची सूत्रे सांभाळली. शाळेव्यतिरिक्तच्या वेळेत मुलांनी यावे, खेळावे, माती-वाळू-रंग यांत रमावे; परीक्षा नाही, स्पर्धा नाही, अशी ती धारणा. पालकांसाठी त्यांनी केलेले लेखन आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. त्याच वर्षी, निपाणीपासून चाळीसएक किलोमीटरवर असलेल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केले. ते शाळेच्या चौकटीतले काम असल्याने येथे केवळ उल्लेख करतो. परंतु मुलांच्या अनुभवाला प्रथम स्थान देणारा प्रयोग आपल्या इतक्या शेजारी झाला आहे, याचे स्मरण असावे.

परदेशातील एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्या परिस्थितीशी जुळते. डेन्मार्कमधील उद्यानरचनाकार सोरेन्सन यांच्या लक्षात आले, की आपण आखलेल्या सुंदर क्रीडांगणांपेक्षा मुले बांधकामाच्या जागी पडलेल्या विटा-लाकडांत अधिक रमतात. १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रप येथे त्यांच्या कल्पनेतून असे टाकाऊ वस्तूंचे क्रीडांगण उभे राहिले. मुलांनी तेथे खड्डे खणले, खोपटी बांधली, मोडली, पुन्हा बांधली. एक प्रौढ कार्यकर्ता हजर असे, पण खेळ ठरवत नसे. युद्धानंतर ही कल्पना इंग्लंडमध्ये आणि अन्यत्र पसरली. आपल्या गावात घराचे बांधकाम निघाले की वाळूच्या ढिगावर संध्याकाळी कोण जमते, हे ठाऊक असलेल्यांना सोरेन्सन यांचा शोध नवा वाटणार नाही. आपण मात्र त्या ढिगावरून मुलांना हाकलतो आणि घसरगुंडी विकत आणतो.

सीमाभागाची एक खास बाब

भाषेचा प्रश्न आपल्या भागात किती हळवा आहे, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून मराठी आणि कन्नड या दोन शब्दांना येथे जो भार चिकटला आहे, तो मोठ्या माणसांचा आहे. निपाणीच्या एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले राहतात. त्यांच्या शाळा भाषेप्रमाणे वेगळ्या असतात, इंग्रजी माध्यमात गेलेली तर आणखी वेगळी, आणि ट्यूशनही बहुधा शाळेप्रमाणे वेगळी. ती एकत्र येण्याची वेळ एकच उरते, ती म्हणजे शाळा सुटल्यानंतरची; आणि जागा एकच, ती म्हणजे गल्ली.

तेथे जे घडते ते भाषाशिक्षकांनी येऊन पाहावे असे आहे. मराठी मुलगी जिबली खेळते, तिची कन्नड मैत्रीण त्याच चौकटींना कुंटेबिल्ले म्हणते. दोघींना दोन्ही शब्द येतात आणि कोणता कोणाचा याची त्यांना फिकीर नसते. विटीदांडू हा चिन्नीदांडू होतो. लगोरीला दोन्हीकडे लगोरीच म्हणतात, हा एक सुखद योगायोग. ‘बा’, ‘निल्लु’, ‘ओडु’ म्हणजे ये, थांब, पळ, हे शब्द मराठी मूल व्याकरणाच्या पुस्तकातून शिकत नाही. ते वेळेवर कळले नाहीत तर राज्य येते म्हणून शिकते. कन्नड विषयात अडखळणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी शिकवणी लावण्यापूर्वी मी पालकांना शेजारचा कन्नड भिडू सुचवतो. हा उपाय वैद्यकीय नाही, हे मान्य. परंतु दुसऱ्या भाषेची भीती ही आपल्या भागात शाळा टाळण्यामागे वारंवार दिसणारी गोष्ट आहे आणि ती आपल्याच दारात पोटदुखीच्या रूपाने येते.

जागा, वेळ आणि धोका

आता प्रत्यक्ष योजनेकडे वळू. आपल्या परिसरात शाळा सुटल्यानंतर मुलांना सांभाळणारी केंद्रे निघू लागली आहेत. आई-वडील दोघेही नोकरीवर असणाऱ्या घरांची ती गरजच आहे. काही दानशूर मंडळ्या विडी कामगार वस्त्यांतही अशी केंद्रे चालवू इच्छितात. या केंद्रांची पत्रके मी कुतूहलाने पाहतो. साडेचार ते सातपर्यंतचा प्रत्येक चौकोन भरलेला असतो : गृहपाठ, हस्ताक्षर, वैदिक गणित, श्लोकपठण, योगासने, व्यक्तिमत्त्व विकास. यांतील एकही गोष्ट निंदनीय नाही. परंतु सकाळपासून सूचना ऐकत असलेल्या मुलाला आणखी अडीच तास सूचनाच मिळणार असतील, तर त्याला आपण शाळेतून काढून शाळेतच बसवले. आपल्या संघटनेपुढे माझे निवेदन असे, की अशा केंद्रांना आपण वैद्यकीय साहाय्य देणार असू, आणि द्यावेच, तर एक अट घालावी : अडीच तासांपैकी किमान दीड तासाचा चौकोन कोरा असावा. प्रथम थोडे खाणे, चुरमुरे-शेंगदाणे किंवा केळे, पाणी, आणि मग मोकळीक. गृहपाठ दिवेलागणीला.

साहित्य फारसे लागत नाही. सुटे, हलवता येणारे, कशाचेही काहीही होऊ शकणारे सामान उत्तम : दोऱ्या, जुने टायर, पोती, फळकुटे, बांबूचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, वाळू आणि पाणी. टायरांच्या तारा बाहेर आलेल्या नाहीत आणि फळकुटांत खिळे नाहीत, हे पाहून घ्यावे. बेळगावचा पाऊस ध्यानात घेता जून ते सप्टेंबर मैदान मिळणार नाही. तेव्हा शाळेचा व्हरांडा किंवा देवळाचा सभामंडप, आणि सागरगोटे, पट, भातुकली. थोडी मुले भिजली तर त्यांना भिजू द्यावे. पावसात भिजल्याने सर्दीचे विषाणू निर्माण होत नाहीत, हे आपणच सांगायचे नाही तर कोणी?

केंद्रातील ताईंचे काम सर्वांत अवघड आहे, कारण ते न करण्याचे काम आहे. हजर राहायचे, परंतु खेळ सुचवायचा नाही, संघ पाडायचे नाहीत, पहिल्या भांडणाला धावून जायचे नाही. भांडण पाच मिनिटांत मिटते, असा माझा अनुभव. मोठ्याने निवाडा केला तर ते घरापर्यंत जाते. मारहाण, एकाच मुलाला सतत वगळणे आणि खरा धोका, या तीन प्रसंगी मात्र त्यांनी अवश्य मध्ये पडावे.

धोक्याविषयी पालक आपल्यालाच विचारतात, म्हणून आपले उत्तर तयार हवे. नॉर्वेतील संशोधिका एलेन सॅन्डसेटर यांनी उंची, वेग, झोंबाझोंबी, मोठ्यांच्या नजरेआड जाणे अशा साहसी खेळाच्या प्रकारांचा अभ्यास केला आहे, आणि कॅनडाच्या बालरोग संघटनेने २०२४ साली अशा खेळाला अनुकूल निवेदन प्रसिद्ध केले. त्यातील भेद उपयुक्त आहे : मुलाला दिसणारा व स्वतः अजमावता येणारा धोका एक, आणि न दिसणारा धोका दुसरा. झाडाची फांदी हा पहिला. कठडा नसलेली विहीर, लोंबणारी वीजतार, पावसाळ्यात पाणी भरलेला खाणीचा खड्डा, गवतातील साप आणि भटका कुत्रा हे दुसरे. पहिला मुलाकडे सोपवावा, दुसरा आपण दूर करावा. आपल्याकडे बहुधा नेमके उलटे घडते : झाडावर चढणाऱ्याला खाली उतरवतात आणि विहीर तशीच राहते.

येथे डॉक्टरांचे काम सुरू होते. केंद्र सुरू होण्यापूर्वी मैदानाची एक फेरी आपल्यापैकी कोणी तरी मारावी. दहाव्या व सोळाव्या वर्षीचे धनुर्वात-घटसर्पाचे डोस झाले आहेत का, हे पाहावे. शाळकरी वयात हे डोस पुष्कळदा राहून जातात. कुत्रा चावल्यास किंवा ओरखडा आल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे, हे ताईंना तोंडपाठ असावे. हळद, चुना, तिखट यांपैकी काही लावू नये. खरचटलेल्या गुडघ्याला पाणी आणि साबण पुरेसे आहे. कोपरावर पडून हात सुजलेल्या मुलाला मात्र चोळू न देता पाठवावे.

मुलींचा मुद्दा वेगळा काढतो. दहा-अकराव्या वर्षी मुलगी गल्लीतून दिसेनाशी होते. कारण विचारले, तर ‘आता मोठी झाली’ असे उत्तर मिळते. तिची वाढ पूर्ण व्हायला अजून कित्येक वर्षे असतात, हाडांत कॅल्शियम साठण्याचा काळ तर नुकताच सुरू होत असतो, आणि नेमकी तेव्हाच तिची हालचाल थांबते. पालकांची सुरक्षिततेविषयीची काळजी खोटी नाही. म्हणूनच विश्वासातील ताई आणि उजेड असलेले, रस्त्यावरून दिसणारे मैदान यांची मुलींना मुलांहून अधिक गरज आहे. केंद्रात चेंडू एकच असेल तर तो मुलांकडेच राहतो, दोन ठेवावेत.

आणि थोडे आपल्याच घरांविषयी. नीटच्या तयारीचे ‘फाउंडेशन’ वर्ग आता सहावीपासून सुरू होतात आणि त्यात डॉक्टरांची मुले आघाडीवर आहेत. विडी वळणाऱ्या आईला आपण जो सल्ला देतो, तो स्वतःच्या घरी लागू करताना आपली जीभ जड होते, हे मी अनेक मित्रांच्या बाबतीत पाहिले आहे. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या परिसरात, जेथे एके काळी देवीची लस तयार होत असे, आज झाडांच्या सावलीत आपली वयस्क मंडळी रक्तदाबासाठी फेऱ्या मारताना दिसतात. त्यांनी येताना नातवंडांना बरोबर आणावे, आणि आणल्यावर त्यांना फेऱ्या मारायला लावू नये.

जागेचा प्रश्न वाटतो तितका बिकट नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे, आणि जेथे ते आहे तेथे ते साडेचारनंतर कुलुपात असते. ग्रामपंचायतीच्या वाचनालयांपैकी काहींना चांगले अंगण आहे. २०२० पासूनच्या ‘ओदुव बेळकु’ उपक्रमामुळे मुलांचा तेथे राबताही वाढला आहे. मी काही मुख्याध्यापकांशी या विषयावर बोललो. मैदान द्यायला त्यांची ना नव्हती. अडचण दोनच गोष्टींची होती. एखादे मूल पडले तर जबाबदारी कोणाची, आणि फाटकाची चावी कोणाकडे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण लेखी देऊ शकतो : पालकांच्या संमतीचा अर्ज, प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या सभासद डॉक्टरचा दूरध्वनी क्रमांक फलकावर. दुसऱ्यासाठी शाळेच्या शिपायाला सात वाजेपर्यंत थांबावे लागेल आणि त्याचे मानधन द्यावे लागेल. एका शाळेपुरता हा मासिक खर्च आपल्या एखाद्या स्नेहभोजनाच्या खर्चाहून कमी भरेल. येत्या कार्यकारिणीच्या सभेत निपाणीतील एक आणि बेळगावातील एक अशा दोन शाळांसाठी ही तरतूद मांडण्याचा माझा विचार आहे. ज्या सभासदांना आपापल्या भागातील मैदानाची फेरी मारणे शक्य असेल, त्यांनी त्यापूर्वी तेवढे काम करून ठेवावे.